अब्बांच्या पेटीतली कांडी

मिरजेच्या आमच्या घरात अब्बांची हत्यारांची पेटी अजून जागच्या जागी आहे. सागवानी, कोपऱ्यांना पितळेच्या पट्ट्या मारलेली. आत लहानमोठ्या सात-आठ कानशी, दोन पटाशा, सुताचं रीळ, हाडाचे आणि शिसवीचे तुकडे, जुन्या तारांची भेंडोळी. आणि एका कोपऱ्यात चष्म्याची जुनी डबी. डबी उघडली तर आत चष्मा नाही. कापसावर ठेवलेला एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहे. ५८ मिलिमीटर लांब, १७ मिलिमीटर रुंद. साधारण करंगळीएवढा. तो जळालेला आहे आणि तो मीच जाळला होता.

अब्बा २०१८ साली गेले. पेटी उघडणारा जो तो त्या बोर्डाबद्दल विचारतो. तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या माणसाच्या हत्यारांत ही कसली वस्तू? मी दरवेळी थोडंसं काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. यंदा सगळं लिहूनच टाकावं असं मनात आलं.

आमचं घर सतारी-तंबोऱ्यांचं. मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाला. त्याआधी आमच्या लोकांचं काम हत्यारांना धार लावण्याचं, शिकलगारीचं. तलवारी गेल्या, तसे तेच हात भोपळ्याकडे वळले. तेव्हा धंदा बदलणं आमच्या बिरादरीला नवं नाही. पण हे शहाणपण मला आत्ता सुचतं. मी इलेक्ट्रॉनिक्सला जातो म्हणालो तेव्हा घरात कुणालाच सुचलं नव्हतं.

तंबोरा एक माणूस करत नाही. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. कुणी भोपळा कापतो, कुणी दांडी घडवतो, कुणी तबली बसवतो, कुणी नक्षी काढतो, कुणी पॉलिश मारतो. शेवटी वाद्य येतं जवारी काढणाऱ्याकडे. अब्बांचं काम हे शेवटचं. तबलीवर जी घोडी बसवतात तिचा माथा नुसत्या डोळ्यांना सपाट दिसतो. तो सपाट नसतो. त्याला अगदी हलका उतार असतो. छेडलेली तार त्या उताराला चाटत कंप पावते, आणि मूळ स्वराच्या वरचे बारीक बारीक स्वर त्यातून झरू लागतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून ती नेमकी जागा शोधायची. कानशीचा एक हात जास्त पडला तर वाद्य कर्कश होतं, एक हात कमी पडला तर मुकं राहतं. ही जवारी. अब्बा ती कानाने काढत. दुकानात कुणी बोलू लागलं की कानस खाली ठेवत आणि तो माणूस जाईपर्यंत उचलत नसत.

मी अकरा-बारा वर्षांचा असताना एक गवई दुकानात इलेक्ट्रॉनिक तंबोरा घेऊन आले. बंगळूरच्या राज नारायण यांनी १९७९ साली असलं वाद्य पहिल्यांदा बनवलं होतं आणि एव्हाना ते आमच्या भागातही दिसू लागलं होतं. ट्रान्झिस्टरएवढी पेटी, तिला दोन-चार बटणं. खटका दाबला की सुरू. अब्बांनी ती बराच वेळ ऐकली. मग म्हणाले, "आवाज ठीक है. थकता नहीं." बस. बडे अब्बा मात्र तापले. गवयांनी मागचा पत्रा उघडून दाखवला तेव्हा सगळ्यांत पुढे मी डोकं घातलं होतं. आत एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर काळे चौकोन. एवढ्याशा पट्टीतून चार तारा कशा वाजतात, हे मला कळायलाच हवं होतं. पुढे सांगलीला डिप्लोमाला नाव घातलं तेव्हा बडे अब्बा म्हणाले, "आपल्याच घरात आपला दुश्मन पाळतोयस." अब्बा काही बोलले नाहीत. फीचे पैसे मात्र त्यांनीच दिले.

डिप्लोम्यानंतर डिग्री झाली, आणि २००४ मध्ये मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागलो. आम्ही आठ जण होतो. काम एम्बेडेड सिस्टिमचं. नाव मोठं आहे, अर्थ साधा आहे. टेबलावर ठेवायचा संगणक वेगळा आणि यंत्राच्या पोटातला संगणक वेगळा. कपडे धुण्याच्या यंत्रात, एटीएममध्ये, साखर कारखान्याच्या वजनकाट्यात असा पोटातला संगणक असतो. त्याला बहुधा ना कीबोर्ड, ना माउस. तो आहे हे कुणाला ठाऊकही नसतं. बंद पडला की तेवढं कळतं.

आमच्यासारख्या छोट्या कंपन्यांची तेव्हा एक मोठी अडचण होती. साधं काम असलं तर स्वस्तात मिळणारा मायक्रोकंट्रोलर पुरे. पण पडदा हवा, नेटवर्क हवं, मोठं गणित करायचं असलं की खरा प्रोसेसर लागे आणि त्यावर लिनक्स. असा प्रोसेसर पट्टीवर बसवणं हे सोपं काम नाही. त्याच्या पोटाखाली पाचशेच्या वर टाके असतात आणि दोन टाक्यांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. तारांचं जाळं बाहेर काढायला पट्टीचे सहा-आठ थर लागतात. मेमरीच्या तारांची लांबी एकमेकींशी जुळवावी लागते. ज्याला दहा लाख नग विकायचे आहेत त्याला हा खर्च परवडतो. आम्हाला पन्नास विकायचे असत.

२००५ मध्ये आमच्या साहेबांनी कॅलिफोर्नियाहून एक पाकीट मागवलं. त्यात गमस्टिक्स नावाच्या कंपनीचा बोर्ड होता. ही कंपनी २००३ मध्ये सुरू झाली. सुरू करणारे गॉर्डन क्रुबर्ग हे मुळात वैद्यकीय डॉक्टर. बोर्ड ८० मिलिमीटर लांब आणि २० मिलिमीटर रुंद होता, थेट च्युइंगमच्या कांडीसारखा, आणि नावही त्यावरूनच. त्यात इंटेलचा ४०० मेगाहर्ट्‌झचा एक्सस्केल प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, आणि लिनक्स आधीच भरलेलं. साहेबांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "वजन बघ." वजन जाणवलंच नाही. वीज जोडली, सिरीयल केबल लावली, आणि माझ्या पडद्यावर ओळींमागून ओळी सरकू लागल्या. शेवटी लॉगिन मागणारी ओळ येऊन थांबली. त्या कांडीत अख्खा संगणक होता.

या कंपनीची युक्ती मला पाहताक्षणी ओळखीची वाटली. अवघड भाग त्यांनी एकदाच, नीट बनवायचा. प्रोसेसर, मेमरी, विजेची व्यवस्था, सगळं त्या कांडीत. कांडीच्या खाली बारीक जोड. उरलेला सोपा भाग, म्हणजे पडद्याची जागा, नेटवर्कचं भोक, सेन्सरच्या तारा, दुसऱ्या बोर्डावर. तो बेस बोर्ड ज्याचा त्याने आपल्या गरजेप्रमाणे बनवावा, नाहीतर त्यांचाच घ्यावा. आम्ही तो भोसरीत दोन थरांचा करून घेऊ लागलो. कांडी वरून दाबून बसवायची, टक् असा आवाज आला की काम झालं. आमच्या गल्लीत वेगळं काय चालत होतं? भोपळेवाला जवारी काढत नव्हता आणि अब्बा भोपळा कापत नव्हते. ज्याचं अवघड काम त्याने करावं, बाकीच्यांनी त्यावर आपलं जोडावं.

एक फरक मात्र होता. गमस्टिक्सने आपल्या बेस बोर्डांचे नकाशे खुले ठेवले होते. कुणीही घ्यावेत, बदलावेत, वापरावेत. आमच्याकडे जवारीचा हात कुणी कुणाला दाखवत नसे. अब्बांच्या उस्तादांनी त्यांना सहा वर्षं नुसती कानस धरायला लावली होती, आणि शेवटचा हात मारताना ते पाठ फिरवून बसत, असं अब्बाच सांगत.

२००८ मध्ये कंपनीने ओव्हेरो नावाची नवी मालिका काढली. कांडी आणखी लहान झाली. माझ्या त्या डबीतला बोर्ड हा यातलाच. प्रोसेसर टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा, ६०० मेगाहर्ट्‌झचा. जागा वाचावी म्हणून मेमरीची चिप प्रोसेसरच्या शेजारी न ठेवता थेट त्याच्या डोक्यावर बसवलेली. मला गंमत वाटली ती नावांची. साधा बोर्ड तो अर्थ, वायफाय असलेला एअर, चित्रांसाठी जास्त ताकदीचा वॉटर आणि दोन्ही असलेला फायर. पृथ्वी, वायू, जल, अग्नी. मिरजेला गेलो तेव्हा मी हे दादीला सांगितलं. दादीची सगळी हयात युनानी हकिमाच्या पुड्यांवर गेली होती. ती लगेच म्हणाली, "आब, आतिश, खाक, बाद. ये तो चार अनासिर हुए." मग मला म्हणाली, "त्यांचा हकीम शहाणा दिसतोय." कंपनी सुरू करणारा डॉक्टर आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं.

२००९ मध्ये आमच्याकडे एक काम आलं. कारखान्यातल्या मोटारी आणि पंप यांच्या बेअरिंगचा कंप मोजायचा आणि बेअरिंग कधी दगा देणार हे आधी ओळखायचं. यासाठी फूरिएचं गणित वापरतात. कुठलाही गुंतागुंतीचा कंप हा अनेक साध्या कंपांची बेरीज असतो. ती बेरीज सोडवून कुठला कंप किती, हे पडद्यावर काठ्यांच्या रूपात दाखवायचं. बेअरिंग झिजू लागलं की ठरावीक जागच्या काठ्या उंच होतात. यासाठी आम्ही ओव्हेरोचे पाच अर्थ बोर्ड मागवले. एकाची किंमत दीडशे डॉलरच्या घरात, म्हणजे सात हजार रुपयांवर. त्या काळी अब्बांना एका जवारीचे तीनशे रुपये मिळत.

या बोर्डाच्या पिनांना १.८ व्होल्ट चालतात. आमच्या सेन्सरचा बोर्ड पाच व्होल्टचा. दोघांच्या मध्ये लेव्हल शिफ्टर लावावा लागतो. मला हे माहीत होतं. माहितीपत्रकात ठळक छापलेलंही होतं. शनिवारची रात्र होती, शिफ्टरच्या चिप्स सोमवारी येणार होत्या, आणि मी म्हटलं नुसतं एकदा जोडून बघू. धूर नाही, आवाज नाही. पडद्यावरच्या ओळी मध्येच थांबल्या. बोट लावलं तर प्रोसेसर गरम. पुन्हा वीज दिली, पुन्हा दिली. काही नाही. रविवारभर मी ते कुणाला सांगितलं नाही. सोमवारी साहेबांच्या टेबलावर बोर्ड ठेवला आणि जे झालं ते सांगितलं. साहेब बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, "चार उरलेत. आता घाई करू नकोस." पगारातून पैसे कापले असते तर बरं वाटलं असतं.

तो मेलेला बोर्ड घेऊन मी ईदला घरी गेलो. अब्बांना दाखवला. त्यांनी भिंग घेऊन तो उलटासुलटा पाहिला. घरात आम्ही दखनीच बोलतो.

"कित्ते का है?"

सांगितलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"दुरुस्त होगा?"

"नाही अब्बा."

"घोडी बदलते वैसा, एक टुकडा बदलके?"

मी म्हटलं, बदलायचा तो तुकडा म्हणजे हा अख्खा बोर्डच. खालचा बेस बोर्ड शाबूत आहे, त्यावर दुसरी कांडी बसवली की यंत्र चालू. पण या कांडीच्या आतलं काही बदलता येत नाही. त्यांना ते पटलं असावं. घोडी चिरली तर तीही फेकूनच देतात आणि नवी बसवतात, तंबोरा मात्र तोच राहतो. मी बोर्ड टाकून द्यायला निघालो तर त्यांनी हात पुढे केला. "रहने दे." हाडाचा कपटाही न टाकणारा माणूस. त्यांनी तो चष्म्याच्या डबीत ठेवला.

यापुढची गोष्ट सांगायला मला जड जातं.

२०११ च्या पावसाळ्यात पुण्याच्या एका गायनशिक्षिका बाईंनी तंबोरा परत पाठवला. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. चिठ्ठीत लिहिलं होतं की आवाज टोचतो, डोकं दुखतं. अब्बांनी तो वाजवून पाहिला, म्हणाले काही नाही, जवारी चांगली खुलली आहे. त्याच वर्षी आणखी दोन वाद्यं परत आली. माझा चुलतभाऊ दुकान सांभाळतो. त्याने मला फोनवर हळू आवाजात सांगितलं की अब्बा हल्ली कानस जास्त मारतात. तोंडावर बोलायची त्याची हिंमत नव्हती. माझीही नव्हती.

कंपनीतलं बेअरिंगचं काम तोवर संपलं होतं. साहेबांनी उरलेला एक ओव्हेरो आणि सव्वाचार इंची पडदा असलेला बेस बोर्ड मला दिला. म्हणाले, कर काहीतरी. माझ्या मनात आलं, कंप तो कंप. बेअरिंगचा असो नाहीतर तारेचा. आमचाच कार्यक्रम थोडा बदलला, सेन्सरच्या जागी माइक लावला. २०१२ च्या उन्हाळ्यात ते सगळं एका लाकडी खोक्यात बसवून मिरजेला आणलं. घरात मी सांगितलं की जवारीचा अभ्यास करायचा आहे, अब्बांची विद्या टिपून ठेवायची आहे. ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं.

गल्लीतल्या चार दुकानांत जाऊन, ज्यांना सगळे उत्तम म्हणतात असे तंबोरे मी वाजवून घेतले. पडद्यावर काठ्या उभ्या राहायच्या. खर्जाची मूळ काठी, तिच्यानंतर दुप्पट, तिप्पट, चौपट, अशी रांग. पुढे पुढे त्या बुटक्या होत जायच्या. मग अब्बांच्या हातचे नवे तंबोरे वाजवले. त्यांच्यात चार हजार हर्ट्‌झच्या वरच्या काठ्या कमी व्हायला तयारच नव्हत्या. नवख्यालाही दिसावं इतकं स्पष्ट. अब्बा शेजारी बसून पाहत होते. म्हणाले, "मशीन बिगड गई तेरी."

मला पुढचं सुचलं ते चांगलं की वाईट, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. यंत्र ठीक आहे हे पाहण्यासाठी मी त्यातून एकेक शुद्ध स्वर वाजवायचं ठरवलं. आवाज आला की हात वर करायचा. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिला खेळ वाटला. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. हजार हर्ट्‌झला दोघांचे हात वर. दोन हजारला दोघांचे. तीन हजारला अब्बांचा हात जरा उशिरा उठला. चार हजारला मुलीचा हात ताठ वर, आणि अब्बांचा मांडीवर. मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा तेच. पाच हजार, सहा हजार. मुलगी दरवेळी हात उंचावून हसत होती आणि अब्बा तिच्या हाताकडे पाहत होते.

वय झालं की माणसाचा कान वरच्या स्वरांपासून जायला लागतो. बोलणं ऐकू येतं, अजान ऐकू येते, दारावरची थाप ऐकू येते. म्हणून कुणालाच कळत नाही, त्या माणसालाही नाही. अब्बांना वरचे स्वर ऐकू येईनात, म्हणून त्यांना वाटे जवारी अजून उघडली नाही. म्हणून आणखी एक हात. आणखी एक. त्यांच्या कानाला वाद्य भरून आलं की जगाच्या कानाला ते टोचू लागे.

दोन दिवस अब्बा दुकानात गेले नाहीत. अम्मी माझ्याशी बोलेना. तिने एवढंच विचारलं, "ये दिखाना जरूरी था?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शनिवारी रात्री जो घाईचा हात तारेकडे गेला होता, तोच इथे फिरला नाही ना, असं मला राहून राहून वाटत होतं. साहेबांना निदान सांगता आलं होतं. इथे कुणाला सांगणार?

तिसऱ्या दिवशी फजरनंतर अब्बांनी मला उठवलं. खोकं पुढ्यात घेऊन बसले होते.

"इसमें आवाज दिखता है ना? मेरेकु देखना सिका."

त्यांना शिकवायला तासभरही लागला नाही. आकड्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही. गल्लीतल्या चांगल्या तंबोऱ्यांची रांग पडद्यावर आणायला लावली आणि काचेवर स्केच पेनने तिचा उतार रेखून घेतला. मग परत आलेला पुण्याचा तंबोरा घेतला, त्याची घोडी पुन्हा सपाट घासली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कानशीचा एक हात, तार छेडायची, रेघेकडे पाहायचं. काठ्या रेघेच्या वर जायच्या आत थांबायचं. घोडीवर नेमकं कुठे घासायचं, किती दाबाने, कुठल्या कलाने, हे यंत्र सांगत नव्हतं. ते त्यांच्या हातात होतंच. यंत्र फक्त थांबायला सांगत होतं.

तंबोरा न्यायला बाई स्वतः आल्या. चुलतभावाने मला खूण केली, काही बोलू नकोस. अब्बांनीच खोक्यावरचा कपडा काढला आणि शांतपणे मराठीत सांगितलं, "बाई, माझे कान कमी झालेत. हा माझा चष्मा आहे." बाईंनी तंबोरा मांडीवर घेतला, डोळे मिटून बराच वेळ छेडला. नंतर अब्बांना वाकून नमस्कार केला. पैसे देताना दोघांचीही नजर खाली होती.

पुढची पाच वर्षं अब्बांनी त्या खोक्यावर काम केलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चुलतभावाच्या मुलाला त्यांनी शेजारी बसवला. पाठ न फिरवता. "मैं हात बताता, तू कान दे," असं त्याला म्हणायचे. वरचं ऐकायला पोराचे कान आणि घासायला अब्बांचा हात, अशी दोघांची मिळून एक जवारी निघे. सहा वर्षं कानस धरून बसण्याची पाळी त्याच्यावर आली नाही.

आमच्या धंद्यात मधल्या काळात खूप उलथापालथ झाली. २९ फेब्रुवारी २०१२ ला इंग्लंडमधून रास्पबेरी पाय आला, ३५ डॉलरला. साहेब म्हणाले, आता सगळ्यांचेच भाव उतरणार, आणि तसंच झालं. २०१४ मध्ये त्यांनीही बेस बोर्डावर बसवायची कांडी काढली, कॉम्प्युट मोड्यूल. आज कितीतरी यंत्रांच्या पोटात ती असते. अशा बोर्डांवरच्या चिप्स बऱ्याचदा मुळात मोबाइल फोनच्या बाजारासाठी घडवलेल्या असतात. आमच्यासारखे छोटे लोक त्या बाजाराच्या उरल्यासुरल्यावर जगतात. तिकडचा वारा फिरला की इकडे हलतं. इंटेलने एक्सस्केलचा धंदा २००६ मध्येच मार्व्हेलला विकला, आणि २०१२ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सनेही फोनच्या चिप्समधून अंग काढलं. गमस्टिक्सने २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट केली. पडद्यावर हवे ते भाग ओढून ठेवा, बोर्डाचा नकाशा आपोआप तयार होईल आणि बोर्ड बनून घरी येईल, अशी सोय काढली. तिचं नाव गेपेटो. पिनोकिओच्या इटालियन गोष्टीतला तो म्हातारा सुतार, ज्याचा लाकडी बाहुला जिवंत होतो. हे नाव कळलं तेव्हा मला आमच्या गल्लीतलीच माणसं आठवली, गुडघ्यात दांडी धरून बसलेली. नंतर गमस्टिक्स अल्टियम या कंपनीकडे गेली, आणि २०२४ मध्ये अल्टियमही जपानच्या रेनेसासने घेतली. त्याच २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत पेढे वाटले. बडे अब्बा हयात असते तर त्यांनी मला दोन पेढे जास्त दिले असते की एकही दिला नसता, सांगता येत नाही.

ते खोकं दुकानात अजून आहे आणि चालतं. सुरू व्हायला वेळ घेतं, ओळी सरकत राहतात, मग काठ्या उभ्या राहतात. काचेवरची अब्बांची रेघ फिकट झाली आहे, पण पुसलेली नाही. पुतण्याला आता त्याची गरज पडत नाही. तेच काम त्याच्या फोनवर होतं, आणि खरं तर त्याचे कान अजून पक्के आहेत.

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी मिरजेला आली होती. आता वीस वर्षांची आहे. पेटी आवरताना तिने डबी उघडली आणि हे काय म्हणून विचारलं. मी १.८ व्होल्टची गोष्ट सांगितली, आणि ती सांगता सांगता खोक्याचीही सांगितली. चार हजार हर्ट्‌झ म्हणालो तेव्हा ती थांबली.

"तो हात वर करायचा खेळ?"

"हो."

ती बराच वेळ बोर्ड तळहातावर घेऊन बसली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं मी जिंकले. मी दादाअब्बांसमोर नाचले होते." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "त्यांनी मला दहा रुपये बक्षीस दिले होते."

हे मला माहीत नव्हतं. ते दोन दिवस अब्बा कुणाशीच बोलले नाहीत, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

तिने बोर्ड कापसावर ठेवला, डबी मिटली आणि पेटीत होती तिथेच ठेवून दिली.